पिवळं पाणी आणि माझा लॅपटॉप

मागच्या महिन्यात मी एका गल्लीतल्या नळाच्या पाण्याचा फोटो टाकला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो शेअर केला, तीन-चार जणांनी फोन करून शाबासकीही दिली. आता कबूल करतो, त्या फोटोतलं पाणी खऱ्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं. ते तसं मी केलं होतं. मुद्दाम नाही, उलट प्रामाणिकपणाच्या नादात. ते कसं झालं हे सांगायला हा प्रपंच. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

गावाचं नाव घेत नाही. जळगावहून एरंडोल-पारोळा करत धुळ्याकडे निघालं की हायवे सोडून आत लागणारं एक गाव, एवढं पुरे. तिथं पाचव्या-सहाव्या दिवशी नळ येतो, तोही पहाटे. आधी अर्धा तास नुसती हवा, मग टिल्लू मोटारींचा आवाज, आणि मग पाणी. त्या दिवशी मी मुद्दाम आदल्या रात्री जाऊन मुक्काम केला होता. पहाटे साडेतीनला एका काकूंनी काचेचा ग्लास भरून माझ्या हातात दिला. पाणी पिवळं होतं. गढूळ वेगळं आणि पिवळं वेगळं, पावसाळ्यात नदीकाठी वाढलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. हंड्याच्या तळाशी हात फिरवला तर बोटाला गंजासारखं काहीतरी लागत होतं. मी मोबाइलवर आठ-दहा फोटो काढले.

दुपारी घरी येऊन लॅपटॉपवर उघडले आणि दचकलो. पाणी पिवळं नाही, नारिंगी दिसत होतं. काढा उकळून ठेवल्यासारखं. काकूंचा हात टोमॅटोसारखा लाल. मनात म्हटलं, हे मोबाइलवाले हल्ली रंग फारच भडक करतात. उद्या कोणी म्हणायला नको की पत्रकारानं फोटोत रंग भरला. वीस वर्षं या धंद्यात आहे, असे आरोप कसे होतात ते चांगलं माहीत आहे. म्हणून मी सॅच्युरेशन खाली ओढलं, पिवळा अजून थोडा कमी केला. पाणी पहाटे डोळ्यांनी पाहिलं होतं तसं स्क्रीनवर दिसायला लागलं तेव्हा थांबलो. पेजवर टाकला, पेपरला पाठवला.

पेपरात तो तीन कॉलम छापून आला. पाणी राखाडी. ज्यांनी मोबाइलवर पाहिला त्यांनाही फिकट, जरासं मातकट, एवढंच. चार दिवसांनी गल्लीतल्या बाया कार्यालयात गेल्या तर साहेबांनी तोच पेपर टेबलावर उलगडून ठेवला. म्हणाले, तुमच्याच बातमीतला फोटो आहे, पिवळं कुठं आहे? पावसाळ्यात येतो तेवढा गढूळपणा आहे, तुरटी फिरवा.

साहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. समोरच्या कागदावर त्यांना जे दिसलं ते ते बोलले.

संध्याकाळी काकूंचा फोन. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसत होत्या. "भाऊ, तुमीन ते आमनं पानीच धोई टाकं!"

त्या रात्री झोप लागली नाही. मूळ फोटो परत काढला. मोबाइलवर पाहिला, पिवळा. बायकोच्या मोबाइलवर पिवळा. मुलीच्या शाळेच्या जुन्या मॉनिटरवर पिवळा. एकट्या माझ्या लॅपटॉपवर नारिंगी. आणि लॅपटॉप घरातला सगळ्यात महाग. हप्ते अजून चालू आहेत. दुकानात घेतला तेव्हा पोरगा म्हणाला होता, सर, हा वाइड गॅमटचा ओएलईडी स्क्रीन आहे, यात रंग बघा कसे उठून दिसतात. खरंच उठून दिसत होते. मोर दाखवला होता त्यानं. मोर पाहून लॅपटॉप घेणारा मी पहिलाच पत्रकार नसेन.

धुळ्यात माझा एक जुना मित्र आहे, लग्नाचे अल्बम करतो. त्याला सगळं सांगितलं तर त्यानं एकच विचारलं, "नवरीचा शालू तुझ्या स्क्रीनवर पाहिला असता आणि अल्बममध्ये विटकरी आला असता, तर पैसे कोणी दिले असते?" हे लोक रंगाच्या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त जबाबदार असतात. त्यांचं गिऱ्हाईक शालू कपाटातून काढून अल्बमच्या शेजारी ठेवतं. आपलं गिऱ्हाईक पाणी घेऊन पेपरच्या ऑफिसात येत नाही. "घेऊन ये तो," म्हणाला, "माप लावून पाहू."

माप हा शब्द त्यानं सहज वापरला, पण मला सगळं त्याच शब्दानं कळलं, म्हणून तुम्हालाही तसंच सांगतो. मोबाइलच्या फोटोत रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे, लाल किती, हिरवा किती, निळा किती, शून्यापासून २५५ पर्यंत. लाल २५५ म्हणजे स्क्रीनला हुकूम, तुझ्याकडचा सगळा लाल ओत. आता कोणाकडे किती गडद लाल आहे ते ज्याचं त्याला. आपल्या आजोबांच्या काळी धान्य पायलीनं मोजायचे आणि गावोगावची पायली वेगळी. कागदावर चार पायल्या ज्वारी लिहिली असेल तर विचारावं लागायचं, कुठली पायली? १९५६ मध्ये मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला आणि मग हळूहळू सगळीकडे किलो आला.

स्क्रीनच्या जगातला असा किलो म्हणजे एसआरजीबी. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मिळून तो मांडला, १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्या काळच्या साध्या मॉनिटरला जेवढे रंग जमत होते तेवढेच त्यात आहेत. पुढं पडदे सुधारले, जास्त गडद लाल आणि जास्त गडद हिरवा दाखवायला लागले. त्यासाठी मोठं माप आलं, डिस्प्ले पी३. ॲपलनं २०१५-१६ च्या सुमारास आपल्या कॉम्प्युटरात आणि फोनमध्ये ते आणलं. एसआरजीबीपेक्षा हे माप साधारण पाव हिश्शानं मोठं. वाइड गॅमट म्हणतात ते हेच, मोठी पायली.

मोठी पायली असणं वाईट नाही. घोटाळा होतो तो लहान पायलीचा हिशोब न विचारता मोठ्या पायलीनं मोजला की. माझ्या फोटोतले आकडे एसआरजीबीचे होते. लॅपटॉपवरच्या साध्याशा फोटो प्रोग्रॅमनं ते कुठल्या मापाचे आहेत हे विचारलंच नाही, सरळ मोठ्या मापानं ओतले. शिवाय कंपनीनं स्क्रीन ‘विविड’ मोडवर लावून दिला होता, म्हणजे वरून अजून एक मूठ. मी ती जास्तीची भर पाण्यातूनच काढली. बाकीच्या जगाकडे लहानच पायली होती, त्यांना माप कमी भरलं.

तर लॅपटॉप घेऊन एसटीनं धुळ्याला गेलो. मित्राकडे कलरिमीटर आहे, पेढ्याच्या डब्यात गुंडाळून ठेवलेला. लिंबाएवढं यंत्र, एका बाजूला काच, मागे वजन लावलेली वायर. ते स्क्रीनवर उलटं लटकवायचं. कॉम्प्युटर एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवतो आणि यंत्र मोजतं की जो रंग मागितला तो खरंच आला का.

पण आधी तयारी. शटर खाली, ट्यूब बंद. रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सेटिंग बंद, उजेड पाहून आपोआप प्रकाश कमी-जास्त होतो ते बंद. अर्धा तास लॅपटॉप नुसता चालू ठेवायचा, कारण थंड स्क्रीन आणि तापलेली स्क्रीन एकसारखे रंग देत नाहीत. नंतर चष्मा लावून आकडे भरायचे. पांढरा कुठला? डी६५, म्हणजे ढगाळ दुपारच्या उजेडासारखा, साधारण ६५०० केल्व्हिन. प्रकाश १२० निट्स. गॅमा २.२, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जिना कसा चढायचा ते. पहिलं मोजमाप आलं आणि मित्रानं शिट्टी वाजवली. मी तीनशेच्या वर निट्सवर काम करत होतो आणि माझा पांढरा निळसर होता. "तुझा पांढरा उजाल्यातला आहे," म्हणाला.

त्याचं यंत्र जुन्या प्रकारच्या स्क्रीनच्या काळातलं. ओएलईडीच्या प्रकाशाची घडण वेगळी असते, म्हणून त्या यंत्राला त्याच जातीच्या स्क्रीनसाठीची दुरुस्ती सांगावी लागते, नाहीतर मोजणाराच चुकीचं मोजतो. ती त्यानं यादीतून शोधून निवडली. यासाठी तो डिस्प्लेकॅल नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरतो, त्याच्या पोटात आर्गिल नावाचं दुसरं चालतं, तेही फुकट. आर्गिल लिहिणारा ऑस्ट्रेलियातला ग्रेम गिल.

गिल म्हटल्यावर खानदेशातल्या माणसाचं मन कुठं जाणार? चौकोन बदलत होते, तासभर लागणार होता, अंधारात आम्ही चहा पीत दुसऱ्या गिलबद्दल बोलत बसलो. मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याची चित्रं उतरवायला इंग्रजांनी त्याला १८४४ मध्ये पाठवलं आणि तो जवळजवळ सगळं आयुष्य तिथंच राहिला. पारोची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, ती इथं नको. मला त्या अंधारात वेगळंच सुचत होतं. लेण्यातल्या तेवढ्याशा उजेडात त्यानं रंग कसे जुळवले असतील? बाहेर उन्हात आणल्यावर कॅनव्हासवरचा तोच तांबडा त्याला कसा दिसला असेल? तपासायचं म्हटलं तरी सोय नाही. त्याच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यानंतर जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन तेरा वर्षं पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही कित्येक १८८५ च्या आगीत जळाल्या. मूळ चित्रांचं म्हणाल तर १९२० च्या सुमारास निजामानं इटलीहून जाणकार आणले, त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून वर लाखेचं वॉर्निश दिलं आणि ते वॉर्निश पुढं पिवळं पडलं. म्हणजे चांगल्या हेतूनं रंगात हात घालणारा मी पहिला नाही. गिल १८७९ मध्ये गेला, त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळच्या लोकांनी कधी पाहिली आहे का? मी स्वतः दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिली, तीही दुसऱ्याच कामाला गेलो होतो म्हणून.

असो. तासाभरानं यंत्र काढलं, प्रोफाइल नावाची फाइल तयार झाली. मी उत्साहानं पाण्याचा फोटो उघडला. पांढरा पांढरा झाला होता, काकूंच्या ओसरीची भिंत निळसर दिसायची थांबली होती. पण पाणी अजून नारिंगीच! मला वाटलं सगळं वाया गेलं. मित्र हसला. म्हणाला, कॅलिब्रेशननं पांढरा, राखाडी आणि उजेड जागेवर येतात. पायली मोठी आहे ती मोठीच राहते. प्रोफाइल म्हणजे मापावर मारलेला शिक्का, हे माप एवढ्याचं आहे असं सांगणारा. जो प्रोग्रॅम शिक्का वाचतो तो हिशोब करून ओततो. जो वाचत नाही, त्याला शिक्क्याचा काय उपयोग?

ही गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत इतकी सरळ सांगितलेली सापडली नव्हती. सगळे यंत्र कसं लटकवायचं ते दाखवतात.

मग त्यानं दोन गोष्टी केल्या. फोटोचं काम मी ज्यात करतो तो प्रोग्रॅम बदलून शिक्का वाचणारा टाकला. आणि लॅपटॉपमध्येच एसआरजीबी नावाचा मोड होता, कंपनीच्या मेनूत तीन पायऱ्या आत दडलेला, तो लावला आणि त्या मोडमध्ये पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आणखी एक तास. "तुझं काम पेपर आणि फेसबुकचं," म्हणाला, "तुला मोर पाहायचा नाही. लहान पायलीच लाव." आता मोर खरंच फिका दिसतो. पहिले दोन दिवस मला स्क्रीन आजारी वाटत होती. तिसऱ्या दिवशी सवय झाली, आणि आमच्या पुढाऱ्यांचे चेहरे पहिल्यांदा माणसांसारखे दिसले. आजवर सगळे उन्हातून पळत आल्यासारखे लाल दिसायचे. हे दर महिना-दोन महिन्यांनी परत मोजावं लागतं, तराजूला दर ठरावीक काळानं शिक्का मारून घ्यावा लागतो तसं.

तुम्ही म्हणाल, हे तुझं घरचं गाऱ्हाणं झालं, आम्हाला काय त्याचं? सांगतो. आपल्या भागात आता निम्मे निर्णय फोटोतल्या रंगावर होतात. कपाशीवर लाल्या आला की शेतकरी पानाचा फोटो काढून कृषी सेवा केंद्रवाल्याला पाठवतो आणि तो स्क्रीन पाहून औषध देतो. पान किती लाल, शिरा हिरव्या राहिल्या की नाही, यावर मॅग्नेशियम द्यायचं का नत्र, ते ठरतं. रावेर-यावलकडे केळीवर सीएमव्ही आला की पानावरचे पिवळे पट्टे पाहून झाड उपटायचं का ठेवायचं हे विचारलं जातं. लाल, हिरवा आणि पिवळा. मोठ्या पायलीचा स्क्रीन लाल-हिरव्यातच सगळ्यात जास्त घोळ घालतो. त्यात उलटंही होतं. पी३ मापाच्या फोनवर काढलेला फोटो दाबून लहान होत, चार ग्रुप फिरत आला आणि वाटेत शिक्का गळून पडला, तर तो समोरच्याकडे फिकाच दिसणार. रोगट पान बरं दिसेल. ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकरी स्वतः पिकाचा फोटो भरतो, नुकसानीच्या पंचनाम्यालाही फोटो जोडतात. या फोटोतल्या पिवळ्यावरून वाद झाला तर तो कोणाच्या स्क्रीनवर पाहून मिटवणार? मला अजून एकही कार्यालय माहीत नाही जिथं हा प्रश्न कोणी विचारला आहे. मीही वीस वर्षांत विचारला नव्हता.

पाण्याच्या रंगाचं तर माप आहेच, आणि ते कॅमेऱ्याचं नाही. ॲलन हेझन नावाच्या अमेरिकन माणसानं १८९२ मध्ये प्लॅटिनम-कोबाल्टच्या पिवळ्या द्रावणाशी पाण्याचा रंग ताडून पाहायची रीत काढली. आजही रंग हेझन युनिटमध्येच सांगतात. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ चं. त्यात रंग ५ हेझनपर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १५. गढूळपणाचा आकडा वेगळा, १ एनटीयू, नाइलाज असेल तर ५. म्हणजे पिवळं वेगळं आणि गढूळ वेगळं हे काकूंचं म्हणणं मानकालाही मान्य आहे. हे मला बातमी लिहिण्याआधी माहीत हवं होतं. साहेबांना फोटो दाखवण्याऐवजी विचारायला हवं होतं, या नळाच्या शेवटच्या टोकाचा हेझनचा आकडा किती, आणि तपासणी कुठल्या तारखेची?

म्हणून आता तीन गोष्टी केल्या आहेत. तोच मूळ फोटो, काहीही न करता, या पोस्टसोबत टाकला आहे. जुना फोटो काढून टाकला नाही, त्याखाली चूक लिहिली आहे. पेपरला दुरुस्ती पाठवली आहे, छापतील तेव्हा खरं. आणि गेल्या नळाला पुन्हा पहाटे गेलो. या वेळी ग्लासामागे पांढरी इनॅमलची ताटली ठेवली आणि शेजारी विकतच्या पाण्याचा ग्लास, म्हणजे कोणाचा स्क्रीन कसाही असो, दोन ग्लासांतला फरक तर दिसेल. पत्रकारांनो, ही ताटलीची युक्ती घ्या, फुकट आहे.

नमुना तपासायचं म्हटल्यावर मी काकूंच्या घरची बाटली भरून घ्यायला निघालो होतो. लॅबवाल्या मॅडमनी फोनवरच थांबवलं. जंतू तपासायचे तर बाटली त्यांचीच, निर्जंतुक केलेली, बर्फात ठेवून वेळेत पोचवायची. तसं केलं. रिपोर्ट अजून यायचा आहे. आला की आकड्यांसकट इथंच टाकीन, माझ्या बाजूचा असो वा नसो.

काकूंनी ती घरची बाटली फेकली नाही, कोनाड्यात ठेवली आहे. काल फोनवर म्हणाल्या, वरचं पाणी निवळलं पण पिवळं ते पिवळंच, तळाला बोटभर गाळ बसला आहे. मी सवयीनं म्हटलं, फोटो पाठवा ना.

"फोटू नको भाऊ," म्हणाल्या, "तुमीच यी जा."

नळ शुक्रवारी आहे.